अँजिओग्राफी झाली की अँजिओप्लास्टी, ते आधी सांगा

"पाहुण्यांची अँजिओ झाली म्हणायलेत." लातूर, बीड, परभणी, कुठंही जा, निरोप हाच. ग्राफी का प्लास्टी, असं विचारलं की सांगणारा गप्प. पेशंटलाही नक्की माहीत नसतं, आणि माझी खरी चिडचिड तिथंच आहे.

ग्राफी बहुतेकांना ठाऊक आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात, डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडतात आणि एक्स-रेवर शूटिंग घेतात. ही तपासणी झाली. तिनं काहीही 'मोकळं' होत नाही. प्लास्टी हा उपचार. त्याच वाटेनं फुगा नेऊन अरुंद जागा रुंदावतात आणि बहुतेक वेळा तिथं स्टेंट, म्हणजे धातूची जाळी, कायमची बसवतात.

वाट तीच, कॅथलॅब (हे नळीचं काम करायची खोली) तीच, कित्येकदा दोन्ही एकाच बैठकीत. बाहेर आल्यावर मनगटावर पट्टीही सारखीच. पेशंट शुद्धीवर असतो, पण आत काय झालं हे त्याला दिसत नाही. घोळ होणारच. वेळ आणि खर्च यांतला फरक काउंटरवर कळतो, त्यावर मी शब्द घालवत नाही.

घोळ महागात पडतो तो गोळ्यांत. नुसती ग्राफी होऊन रक्तवाहिन्या चांगल्या निघाल्या, तर गोळ्या कमीही होऊ शकतात. स्टेंट बसला असेल तर सगळंच बदलतं. जाळी म्हणजे शरीराच्या दृष्टीनं परकी वस्तू, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. आतलं अस्तर तिच्यावर चढायला काही महिने लागतात. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकदम देतात, अटॅकनंतर साधारण वर्षभर, आणि पुढं त्यातली एक बहुतेकांना कायमची. "आता बरं वाटायलंय" म्हणून या गोळ्या मधेच सोडल्या, तर स्टेंट अचानक बंद पडून मोठा अटॅक येऊ शकतो. दाढ काढायची असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिथल्या डॉक्टरला स्टेंट आहे हे सांगा, आणि गोळी थांबवायची का हे हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच ठरवा. "माझी अँजिओ झालीय" एवढ्या उत्तरावर दाताच्या डॉक्टरनं काय समजायचं?

'प्लास्टी झाली म्हणजे आजार गेला' हा समज तर सर्रास. ठिबकची एक तोटी साफ केली म्हणून विहिरीच्या पाण्यातला क्षार जात नाही. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू होते तसेच राहिले, तर दुसरीकडं अडथळा होणारच. तळहातावर चुना मळत "माझे ब्लॉकेज काढलेत" सांगणारे मला नेहमी भेटतात.

उलटा घोळही आहे: ग्राफीत ब्लॉकेज दिसलं की प्लास्टी झालीच पाहिजे. तसं नाही. चालू अटॅकमध्ये बंद रक्तवाहिनी लवकर उघडणं जीव वाचवतं. कॅथलॅब लांब असेल, तर जवळच्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन पुढं पाठवतात, त्याला 'अर्धवट इलाज' म्हणू नका. पण अटॅक नसताना, स्थिर आजारात, 40-50 टक्क्यांच्या अडथळ्यावर सहसा गोळ्याच पुरतात. स्थिर आजारात स्टेंटचा मुख्य फायदा छातीचं दुखणं कमी होण्याचा आहे, आयुष्य वाढण्याचा नाही. घाईनं सही करण्याआधी "गोळ्यांवर भागेल का?" हे विचारायला लाजू नका. आणि काही त्रास नसताना गाडीच्या सर्व्हिसिंगसारखी दरसाल ग्राफी करून घेणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

महात्मा फुले योजनेत प्लास्टी बसते, पण कार्ड घेऊन आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. सुट्टी होताना तीन गोष्टी लिहून घ्या: स्टेंट टाकला का, किती, कोणत्या तारखेला. ग्राफीची सीडी मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.