बॅक प्रेशर नावाचं भूत

पुण्याच्या नाना पेठेत जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा सायलेन्सर बदलायला गेलात की कुणीतरी सांगतंच, "पाइप फार मोकळा करू नका साहेब, इंजिनाला बॅक प्रेशर लागतं." नाही लागत. कुठल्याच फोर-स्ट्रोक इंजिनाला नाही. बॅक प्रेशर म्हणजे धूर बाहेर ढकलताना होणारा अडथळा. त्यात पिस्टनची ताकद फुकट जाते.

मग हा समज आला कुठून? अनुभवातूनच. हौसेने जाड पाइप बसवला, आवाज झकास झाला आणि कात्रजच्या चढावर गाडी मेली. दोष बॅक प्रेशर गेल्याचा नाही, धुराचा वेग गेल्याचा. बारीक पाइपातून धुराचा झोत सुसाट निघतो, त्याच्या मागे दाब कमी होतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढला जातो. पाइप जाड, की झोत मंद. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनाला कमी आरपीएमवर ते लगेच जाणवतं.

त्यात मोकळ्या पाइपाने कार्बोरेटरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊ शकतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. स्पार्क प्लग काढून बघा: टोक पांढरंफटक असेल तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तपासून घ्या. आणि जुना सायलेन्सर हलवून बघा. आत गंजाचे पापुद्रे खुळखुळत असतील तर खरा अडथळा तोच.