स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा तंटा: कायद्याची पार्श्वभूमी

सोलापुरी टॉवेलचा निर्यात सौदा स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे ब्लॉकचेन या सामाईक डिजिटल नोंदवहीवर अट पूर्ण होताच आपोआप चालणाऱ्या कोडवर झाला, तर माल बंदरात पोचल्याची नोंद होताच पैसे सुटतात. टॉवेल ठरल्याप्रमाणे ५०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) आहे की ४५०चा, हे कोडला कळत नाही. तंटा तिथूनच सुरू होतो.

'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द १९९०च्या दशकात एका संगणकतज्ज्ञाने या यंत्रणेला लावला आणि गोंधळ कायमचा चिकटला. १८७२च्या करार कायद्याचे कलम १० मुक्त संमती आणि कायदेशीर मोबदला मागते. कोड हा बहुधा अशा कराराची अंमलबजावणी करतो, स्वतः करार नसतो. २०१६ मध्ये एका सामाईक निधीच्या कोडमधील चुकीमुळे सुमारे ३६ लाख ईथर (इथेरियम ब्लॉकचेनचे चलन) वळवले गेले. ते परत मिळवायला अख्खी साखळीच, म्हणजे ब्लॉकचेनच, दुभंगावी लागली. कोडने केले तेच अंतिम, ही 'कोड हाच कायदा'ची भाषा तेव्हाच उघडी पडली.

आपल्याकडे खरा वाद सहीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार, २००९ पासून, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही. वॉलेटची (ब्लॉकचेनवरील खात्याची) खासगी किल्ली, म्हणजे व्यवहार मंजूर करणारा गुप्त आकडा, हीही डिजिटल सहीसारखीच असममित, म्हणजे एक गुप्त आणि एक जाहीर अशा किल्ल्यांच्या जोडीच्या, गणितावर चालते. मात्र कायद्याला परवानाधारक प्रमाणन प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते, वॉलेटमागे ते नसते. तेवढ्याने करार बुडत नाही. पण सही खरी मानून चालण्याची कायद्याची सवलत मिळत नाही. वॉलेट समोरच्याचेच होते, हे ईमेल, केवायसी नोंदी, आधीचे व्यवहार जोडून शाबीत करावे लागते. बहुतेक दावे इथेच अडतील.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत हॅश मूल्यासह (नोंदीचा गणिती ठसा) प्रमाणपत्र द्यावे लागते: भाग अ नोंद सादर करणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. साखळीवर हॅश आहे म्हणून यातून सुटका नाही.

लवादाचा मार्ग मोकळा आहे. १९९६च्या कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक संदेशातून झालेला लवाद करारही लेखी मानला. ब्लॉकचेनवरील टोकन (डिजिटल नाणी) बाळगणाऱ्यांनी पंच म्हणून निनावी मतदानाने दिलेला निकाल मात्र तिथे टिकणे अवघड. कलम ३१ नुसार निवाड्यावर लवादांच्या सह्या, तारीख आणि लवादाचे ठिकाण हवे. निनावी पंच सही कोणत्या नावाने करणार? त्यामुळे कोडसोबत एक साधा लेखी करार ठेवावा. त्यात जीएसएमची कसोटी आणि तपासणारी प्रयोगशाळा, वॉलेटचे पत्ते कोणाचे, लवादाचे ठिकाण सोलापूर की आणखी कुठले, आणि कोड व मजकूर जुळले नाहीत तर मजकूरच प्रमाण, ही चार कलमे असावीत.