ओशनिया कला व संस्कृती केंद्र, सुवा

ओशनिया कला व संस्कृती केंद्र : फिजीची राजधानी सुवा येथे युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या लाउथाला आवारात असलेले सामुदायिक कलाकेंद्र व कलादालन. स्थापना १९९७. पॅसिफिक बेटांवरच्या समकालीन चित्रकलेचा विषय निघाला की या केंद्राचे नाव येतेच. विद्यापीठाचा विभाग असूनही पहिली बरीच वर्षे येथे अभ्यासक्रम, परीक्षा, हजेरीपट यांतले काहीच नव्हते.

न्यूझीलंडच्या हवाई दलाचा समुद्री विमानांचा तळ रिकामा झाल्यावर त्या जागी १९६८ मध्ये हे विद्यापीठ सुरू झाले. फिजी, टोंगा, सामोआ, सॉलोमन बेटे, किरिबाती, तुवालू अशा बारा देश-प्रदेशांचे ते सामाईक विद्यापीठ आहे. केंद्राचे संस्थापक एपेली हाऊओफा (१९३९–२००९) यांना स्वतःचे बेट कोणते हे एका शब्दात सांगणे अवघड गेले असते. जन्म पापुआत, आईवडील टोंगाचे मिशनरी, शिक्षण टोंगा, फिजी, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात. पेशाने ते मानववंशशास्त्रज्ञ होते, उपहासात्मक कथा लिहीत, आणि काही काळ टोंगाच्या राजाच्या पदरी राजवाड्याचे दफ्तर सांभाळत होते. पॅसिफिकची बेटे चिमुकली, गरीब, परदेशी मदतीवर जगणारी आहेत, हे अर्थतज्ज्ञांचे मत त्यांनी १९९३ च्या एका निबंधात खोडून काढले. बेटे सुटी मोजू नका, त्यांना जोडणाऱ्या समुद्रासकट मोजा, असा त्यांचा युक्तिवाद होता. पूर्वजांनी होड्या हाकारत वस्ती केलेले ते पाणी हाच या लोकांचा मुलूख. चार वर्षांनी निघालेले हे केंद्र म्हणजे त्याच विचाराला दिलेले छप्पर होय.

केंद्रातील कार्यशाळेची रीत बेटांवरच्या घरगुती कारागिरीतून आलेली दिसते. फिजीतील ‘मासी’ हे झाडाच्या सालीचे कापड हे तिचे चांगले उदाहरण. कागदी तुतीची आतली साल सोलून, भिजवून ती लाकडी ठोकळ्याने ओंडक्यावर बडवतात. पट्ट्या एकमेकींत बडवून कापड रुंद करत नेतात. मग साचे ठेवून काळ्या आणि तांबूस रंगांत नक्षी उठवतात. पूर्वी साचे पानांचे असत. आता जुन्या एक्स-रे फिल्म कापून करतात, आणि त्या टिकतातही जास्त. वातुलेले आणि मोथे ही बेटे या कामासाठी नावाजलेली आहेत. काम बायकांचे, एकत्र बसून करायचे. मुली शेजारी बसून बघतात आणि एक दिवस ठोकळा हाती घेतात; त्यांना मुद्दाम शिकवायला कोणी बसत नाही.

हाऊओफांनी हेच तत्त्व कॅनव्हासला लावले. औपचारिक कलाशिक्षण नसलेले, पुष्कळदा बेरोजगार तरुण येत, जुन्यांच्या बाजूला बसून रंगवू लागत. फिजीत चार माणसे जमली की यंगोनाचे (कावा या झुडपाच्या मुळापासून केलेल्या पेयाचे) भांडे येतेच. चित्रांवरची चर्चा त्याभोवतीच होई. न्यूए या पॅसिफिक बेटावर जन्मलेले चित्रकार-कवी जॉन पुले यांच्यासारखे पाहुणे कलाकार येऊन कार्यशाळा घेत. पुले यांची स्वतःची चित्रशैलीही न्यूएच्या सालकापडावरील रेखाटनातून निघालेली असल्याने ते येथे परके वाटण्याचे कारण नव्हते. पाश्चात्त्य शैलीची नक्कल करायची नाही, आणि पर्यटकांना विकायला जुने नमुने छापत बसायचे नाही, अशा दोन्ही बाजूंनी मर्यादा होत्या. दुसरी पाळणे अधिक कठीण असावे, कारण पर्यटन हा फिजीचा मोठा रोजगार आहे.

यातून ‘रेड वेव्ह’ हा चित्रकार-शिल्पकारांचा गट उभा राहिला. टोंगाचे लिंगिकोनी वाकाउता, सॉलोमन बेटांचे फ्रेड बुताफा, फिजीचे जोसाया मॅकनमारा ही त्यातली काही नावे. होड्या, मासे, पूर्वजांचे चेहरे, उत्पत्तिकथा एकमेकांत गुंतवून सगळा कॅनव्हास भरून टाकणे ही त्यांच्या चित्रांची सहज ओळखू येणारी खूण. जिथे चित्र रंगे तिथेच ते मांडले जाई, त्यामुळे प्रदर्शन आणि कार्यशाळा वेगळी काढता येत नसत. २००६ मध्ये गटाचे प्रदर्शन लंडनच्या ऑक्टोबर गॅलरीत भरले. चित्रकलेच्या जोडीने संगीत आणि नृत्यही होते; नृत्याची बाजू अॅलन अॅलो यांनी उभी केली.

केंद्राच्या भूमिकेला फिजीत राजकीय धारही होती. १९८७ आणि २००० च्या सत्ता उलथवणाऱ्या उठावांनी मूळ फिजीयन आणि भारतातून आलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज यांच्यात दरी पाडली होती. अशा वेळी जो या प्रदेशात राहतो आणि त्याच्याशी बांधील आहे तो ओशनियाचा, मग वंश कोणताही असो, ही हाऊओफांची व्याख्या धाडसाची होती. वंशापलीकडची ही कला प्रत्यक्षात किती सर्वसमावेशक होती, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. सुरुवातीचे चित्रकार बहुतांशी पुरुष होते. ज्या सालकापडाची परंपरा बायकांनी जपली तिच्या नक्षीचे ऋण घेणाऱ्या गटात बायका थोड्या असाव्यात, हे खटकते.

अभ्यासक्रमाशिवाय चालणारी जागा विद्यापीठात टिकवायची तर हाऊओफांसारखा माणूस पाठीशी लागतो. जानेवारी २००९ मध्ये ते वारले. पुढे केंद्र पॅसिफिक अभ्यास विभागाशी जोडले गेले आणि पदवी-संशोधनाचे काम त्यात आले. फिजीच्या रोटुमा बेटाचे नाटककार व चित्रपट-दिग्दर्शक विल्सोनी हेरेनिको त्यानंतर काही काळ संचालक होते, आणि भर मोठ्या रंगमंचीय प्रयोगांकडे वळला. वाढत्या समुद्रपातळीवरचा नृत्य-संगीताचा प्रयोग २०१३ मध्ये सुवात झाला. नंतर तो युरोपातही नेण्यात आला.