प्रौढ सायकल प्रशिक्षकांची तयारी (ग्रामीण विदर्भ)

मोठ्या वयाच्या माणसांना सायकल शिकवायची कशी, हे शिकवणाऱ्यांनाच आधी शिकवण्याचा उपक्रम. ग्रामीण विदर्भात असे वर्ग घ्यायचे तर समोर येणार त्या मुख्यतः तिशी ते पन्नाशीतल्या बाया: शेतमजुरीला जाणाऱ्या, बचत गटातल्या, लहानपणी भावाच्या सायकलला हात लावायची मुभा नसलेल्या. शिकवणारी व्यक्ती शक्यतो गावातलीच हवी. आशाताई, अंगणवाडी मदतनीस, बचत गटांची कामे पाहणारी सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती), नाहीतर गेल्या वर्षीच सायकल शिकलेली एखादी वहिनी. यांतली शेवटची निवड बहुधा सर्वांत चांगली ठरते, कारण भीती कशी असते हे तिला अजून आठवत असते. उलट जो दहाव्या वर्षी दांडीखालून पाय घालून, ढोपरे फोडून शिकला, त्याला आपण तोल कसा सावरतो ते सांगताच येत नाही. तो फक्त मागून कॅरिअर धरून धावतो आणि ‘मार पायडल, मार पायडल’ म्हणून ओरडतो. प्रशिक्षकांच्या तयारीचा बराच वेळ ही सवय मोडण्यात जातो.

पूर्वपीठिका

१८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी चालवून दाखवलेल्या दुचाकीला पायडलच नव्हते. स्वार जमिनीवर पाय मारत ती पुढे ढकलत असे. आज प्रौढांना शिकवण्याची जी रीत सर्वाधिक वापरली जाते, ती याच क्रमाने जाते : आधी तोल, मग पायडल. शिकवणाऱ्यांना प्रमाणित करण्याची पद्धत अमेरिकेत १९७०च्या दशकात जॉन फॉरेस्टर यांच्या अभ्यासक्रमातून आकाराला आली. १८८० मध्ये स्थापन झालेली तिथली सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना, लीग ऑफ अमेरिकन बायसिकलिस्ट्स, आजही प्रशिक्षक तयार करते. उमेदवाराचे वय किमान १८ असावे लागते, त्याने आधी स्वतः अभ्यासक्रम पुरा केलेला असावा लागतो आणि नंतरच्या शिबिरात इतरांसमोर प्रत्यक्ष धडा घेऊन दाखवावा लागतो. तिथे भर असतो तो मोटारींच्या गर्दीत सायकल चालवण्यावर. तो अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून यवतमाळच्या एखाद्या खेड्यात आणला तर निम्मा निरुपयोगी ठरेल. धडा घेऊन दाखवण्याची अट मात्र उचलण्यासारखी आहे.

आपल्याला जवळचे उदाहरण तमिळनाडूतले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेच्या जोडीने सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला मोहिमेचा भाग केले आणि लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बायांनी दांडीच्या सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येते, हा त्यांना दिसलेला फायदा.

विदर्भात प्रश्न सायकल मिळण्याचा तितकासा नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. मुलगी शिकायला अमरावती-नागपूरला गेली किंवा लग्न होऊन सासरी गेली की ती सायकल पडवीत उभी राहते. चाकांत हवा नसते, चेन गंजलेली असते, आणि आई शेजारून पायीच वावरात जाते.

पद्धत आणि हातांचे शिक्षण

पहिला धडा पान्याचा. सायकलची दोन्ही पायडले काढायची आणि सीट इतके खाली करायचे की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील. इथेच नवखे प्रशिक्षक अडतात, कारण डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने फिरवत राहिले तर ते आणखी आवळले जाते. पाना आसाच्या वर धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पायडले सुटतात, हे एकदा हाताने केले की विसरत नाही. गंजलेल्या पायडलाला आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचे. जुन्या बावीस इंची सायकलीचे सीट पूर्ण खाली केले तरी ठेंगण्या बाईचे पाय टेकत नाहीत, म्हणून वर्गाला मुलींच्या सायकलीच बऱ्या.

मग किंचित उताराची, कडक जमीन. शिकणारी बसते, पाय मारत चालते, पावले लांब होत जातात आणि कधीतरी दोन्ही पाय चार-पाच हात अंतर हवेत राहतात. इथे प्रशिक्षकाने काहीच धरायचे नसते. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल जरासे वळवले की चाके पुन्हा अंगाखाली येतात. हे शरीर आपोआप शिकते, पण मागून कोणी कॅरिअर सरळ धरून ठेवले असेल तर सायकल कलतच नाही आणि शिकायला काही उरत नाही. शिवाय पाऊण तास वाकून धावल्यावर प्रशिक्षकाची कंबर धरते ती वेगळीच. म्हणून तयारीच्या शिबिरात प्रशिक्षकांना हात पाठीमागे बांधून शिकणाऱ्याच्या शेजारून, अर्धे पाऊल मागे राहून चालायला लावावे. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात सुटून पुढे जातात. पुरुष प्रशिक्षक असेल तर हा नियम आणखी महत्त्वाचा. आधार द्यायचीच वेळ आली तर विचारून, आणि सीटच्या मागच्या कडेला. हँडलला कधीच नाही.

बोलण्याचेही शिक्षण लागते. एका वेळी एकच सूचना, तीही दोन शब्दांची. ‘पुढं पाहा’ म्हटल्यावर लगेच ‘ब्रेक धरा, पाय उचला, भिऊ नका’ असा मारा झाला की समोरची थिजते. वऱ्हाडात पहिल्या दिवशी हमखास येणारा प्रश्न असतो, ‘पडली तं कोन उचलन मले?’ याला ‘नाही पडणार काकू’ हे उत्तर चूक, कारण ते खोटे आहे आणि काकूंना ते कळते. त्यांना सीटवर बसवून, पाय टेकवून, सायकल मुद्दाम एका बाजूला कलवायला सांगायची. पायावर ती सहज थांबते हे त्यांनी स्वतः पाहिले की प्रश्न मिटतो. शाळेच्या भिंतीवर बसून हसणाऱ्या पोरांचा बंदोबस्तही प्रशिक्षकानेच करायचा असतो. त्यांना हवा भरायच्या कामाला लावले की हसणे थांबते.

तोल आल्यावर आधी उजवे पायडल बसवतात, ते पुढे आणि थोडे वर ठेवून त्यावर जोर देत निघायला शिकवतात, नंतर डावे. थांबणे मात्र निघण्याच्या आधी पक्के व्हायला हवे. दोन्ही ब्रेक एकाच वेळी आणि हळूहळू दाबायचे. सैल मुरुमावर नुसता पुढचा ब्रेक करकचून धरला की चाक घसरते.

साडीचा प्रश्न शिबिरात टाळला जातो, तसे करू नये. पदर खोचून घेणे, निऱ्या चेनपासून दूर राहतील अशा आवळणे आणि चेनकव्हर व मागच्या चाकाची साडीगार्डची जाळी तपासणे हे प्रशिक्षिकेने साडी नेसूनच करून दाखवायचे असते. सलवार घालून ये, असे सांगणारा प्रशिक्षक अर्धा वर्ग घरी बसवतो.

जागा, हंगाम, प्रकृती

आठवडी बाजाराची जागा इतर सहा दिवस मोकळी असते. जिल्हा परिषद शाळेचे मैदान आणि बाजार समितीचे आवार हेही चांगले पर्याय. काळ्या मातीचे मोकळे वावर दिसायला छान, पण उन्हाळ्यात तिथल्या भेगांत चाक अडकते आणि पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जाम होते. भंडारा-गोंदियातली तलावाची पाळ उताराची आणि कडक असली तरी एका बाजूला पाणी असते, नवशिक्यांना तिथे नेऊ नये. मैदानावर सराट्यांचे काटे असतील तर आधी झाडून घ्यायचे. तरी पंक्चर होतेच, म्हणून ट्यूब बाहेर काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवून भोक शोधणे आणि पॅच लावणे प्रत्येक प्रशिक्षिकेला यायला हवे. तालुक्याचे दुकान वीस किलोमीटरवर असेल तर वर्ग त्या एका भोकासाठी आठवडाभर बंद पडतो.

वेळापत्रक शेतीवर ठरते आणि सगळ्या विदर्भाला एकच चालत नाही. पश्चिमेकडे दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, कापसाची वेचणी पुढे कित्येक आठवडे चालते, मग तूर. पूर्वेकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. रोजी बुडवून कोणी सायकल शिकायला येत नाही. एप्रिलनंतर पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला की वर्ग सकाळी सहा ते आठच. मात्र चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत पुरते उजाडल्याशिवाय बाहेर पडू नये, तिथे वाघ-बिबट्याची भीती खरी आहे.

विदर्भात, विशेषतः काही आदिवासी आणि दलित समाजांत, सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. अंगातले पाणी कमी होणे आणि अतिश्रम यांनी अशा रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. नाव नोंदवताना प्रशिक्षिकेने हे एकेकीला बाजूला घेऊन विचारायचे, चारचौघींत नाही. रक्ताची कमतरता आणि गुडघेदुखी यांचीही विचारपूस तेव्हाच. वीस मिनिटांनी पाणी आणि सावली हा नियम सर्वांना सारखा लावला की कोणी वेगळी पडत नाही.

रस्त्यावर

मैदान सोडल्यावरचा धडा वेगळा. पायी चालताना समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून उजवीकडून चाला, हे अनेकींनी ऐकलेले असते आणि त्या सायकलही उजवीकडून नेतात. सायकल डावीकडूनच. डांबरी रस्त्याची कड आणि शेजारची मुरुमाची साइडपट्टी यांत वीतभर खोली असते. मागून ट्रक आला म्हणून खाली उतरलेली बाई चाक कडेला घासत पुन्हा वर चढू पाहते आणि पडते. वणी, चंद्रपूरकडच्या कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर हे फार धोक्याचे. तिथे थांबायचे, उतरायचे, सायकल हाताने वर घ्यायची. कॅरिअरवर लेकरू असेल तर त्याचा पाय आऱ्यांत जाऊ नये म्हणून जाळी किंवा पायटेकण हवे. चाऱ्याचा भारा बांधून चालवणे हा शेवटचा धडा, पण बऱ्याच जणींना सायकल हवी असते ती त्यासाठीच.

मूल्यमापन

सायकल चालवायला किंवा शिकवायला परवाना लागत नाही, त्यामुळे प्रशिक्षिका तयार झाली की नाही हे शिबिर घेणाऱ्यांनीच ठरवायचे असते. तिने कधी सायकलवर न बसलेल्या एका बाईला सर्वांसमोर शिकवून दाखवावे आणि पाहणाऱ्यांनी तीन गोष्टी टिपाव्या : तिने हात किती वेळा लावला, किती बोलली, आणि शिकणारी थकल्यावर तिने स्वतःहून थांबवले का. ती बाई त्या दिवशी सायकल शिकली की नाही याला गुण नाहीत. मानधनाचा प्रश्न मात्र आधीच सोडवावा लागतो. वेचणीच्या दिवसांत मजुरी सोडून फुकट शिकवणारी प्रशिक्षिका दुसऱ्या हंगामाला येत नाही. ग्रामपंचायत, ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ) किंवा शिकणाऱ्या बायांची वर्गणी, कुठूनही असो, तासाचा मोबदला ठरलेला असला की वर्ग टिकतो.