जुन्या बंबाचं तेल कुठून गळतं?

वर्षभर शेडमध्ये उभा असलेला जुना अग्निशमन बंब बाहेर काढायची वेळ बहुधा एप्रिलमध्ये येते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. सोलापुरात तेव्हा पारा चाळिशीपार असतो. इंजिन सुरू होतं, सगळे खूश होतात आणि अर्ध्या तासात चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याखाली, काळे थेंब पडू लागतात. "पॅकिंग गेलंय, बदलून टाका," असं कुणीतरी म्हणतंच.

पॅकिंगला, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातल्या पट्टीला, हात लावण्याआधी जरा थांबावं. तेल गळायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: फट, तेलाचा पातळपणा आणि आतून ढकलणारा दाब. नवं पॅकिंग फक्त फटीवरचा इलाज आहे. उरलेल्या दोन गोष्टी तशाच राहिल्या, तर तेल दुसरीकडून वाट काढतं.

आधी पातळपणा बघू. जुन्या इंजिनांत चालणारं एसएई ४० तेल ४० अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या जवळपास दहाव्या हिश्शाएवढंच १०० अंशांना उरतं. म्हणजे त्याच फटीतून, त्याच दाबाला, तापलेलं तेल दहापट वाहतं. बंबाच्या बाबतीत हे जास्त जाचतं. ट्रक धावतो तेव्हा समोरून वारा लागतो, पण बंब पाणी मारताना एका जागी उभा असतो. इंजिनाची ताकद पीटीओमार्फत, म्हणजे चाकांऐवजी दुसऱ्या यंत्राला ताकद देणाऱ्या जोडणीतून, पंपाला जाते आणि रेडिएटरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. म्हणून बऱ्याच बंबांत पंपाचंच थोडं पाणी फिरवून इंजिन थंड ठेवायची सोय असते. जड पाण्याच्या क्षारांनी ती नळी आतून भरली, तर इंजिन आणखी तापतं. या नळीकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि मला तरी तेलगळतीची तपासणी तिथूनच सुरू करावीशी वाटते.

आता दाब. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जायला ब्रीदर असतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ओलावा, काजळी आणि जुनं तेल मिळून चिकट गाळ होतो आणि ब्रीदरची जाळी बुजते. कुकरची शिटी अडकली की वाफ रिंगेतून बाहेर पडते, तसंच इथे होतं. थोडा हिशेब करून बघा. चेंबरमध्ये फक्त १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब साचला, तर ६० बाय १५ सेंटिमीटरच्या टॅपेट कव्हरला (इंजिनाच्या माथ्यावरचं पत्र्याचं झाकण) आतून जवळपास ९ किलो वजनाचा रेटा बसतो. पातळ पत्र्याला एवढा पुरे.

अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजातल्या वयस्कर मिस्त्रींची तपासायची पद्धत मला फार आवडते. इंजिन चालू ठेवून ते तेल भरायचं झाकण काढतात आणि तोंडावर तळहात धरतात. ठोक्याठोक्याने फुंकर लागली, धूर आला, की म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय अण्णा, आधी ब्रीदर खोला." ब्रीदर रॉकेलने धुऊनही फुंकर तशीच राहिली, तर रिंगा झिजल्या आहेत. मग पॅकिंगवर पैसे घालवू नयेत. हाच दाब आकड्यात हवा असेल तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरायचं आणि एक टोक डिपस्टिकच्या (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीच्या) भोकाला हवाबंद जोडायचं. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक म्हणजे आतला दाब.

यानंतर फट शोधायची. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे ते धातूवर पसरत, सांध्यांतून सरकत लांब जातं. थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा क्वचितच एक असते. इंजिन धुऊन, कोरडं करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि पंप जोडून चालवावं. पांढऱ्यावर सगळ्यात वर जो ओला डाग उमटेल, तिथून सुरुवात.

तो डाग बऱ्याचदा टॅपेट कव्हरच्या कडेला निघतो. तिथे कॉर्कचं पॅकिंग असतं. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पेशी पाहिल्या त्या याच कॉर्कच्या. या हवेने भरलेल्या पेशींमुळे कॉर्क दाबला की बाजूला फुगत नाही, जागच्या जागी चेपतो. पण गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळले की पत्रा भोकापाशी खाली दबतो आणि दोन बोल्टांच्या मधे कमानीसारखा उचलतो. अरुंद फटीतला प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो: फट दुप्पट, तर गळती आठपट! म्हणून कव्हर काढून काचेवर पालथं ठेवावं, कडेखालून उजेड कुठे दिसतो ते बघावं आणि ऐरणीवर हलक्या हातोडीने ती कड सपाट करावी. मगच नवं पॅकिंग बसवावं आणि बोल्ट मधून कडेकडे, थोडेथोडे आवळावेत.

डाग फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, बाजूला असेल तर काम मोठं. अनेक जुन्या इंजिनांत क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सीलऐवजी ग्रॅफाइट लावलेली विणलेली दोरी असते. ती तेल पिऊन फुगलेली राहते, तोवर क्रँकला धरून बसते. गाडी वर्षभर उभी राहिली की दोरी सुकून आकसते. त्यामुळे महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवणं हीच तिची खरी देखभाल. बदलावीच लागली, तर जुन्या दोरीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालावं: तेलाने ओली करूनच काढावी, हवेच्या नळीने फुंकू नये, कारण तिचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोगापर्यंत मजल जाते. नवी दोरी तेलात भिजवून गोल दांड्याने खाचेत घट्ट दाबतात आणि टोकं केसभर वर ठेवून कापतात, म्हणजे खाचेची दोन अर्धुकं मिटताना ती टोकं एकमेकांत चेपली जातात.

क्रँक लेथवर घासून रबरी सील बसवण्याचाही सल्ला मिळतो. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून दोरी मिळते आहे तोवर दोरीच वापरावी, या मताचा मी आहे. दोरीतून एखादा थेंब येतच राहतो, त्याला ट्रे ठेवला की झालं. पण सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला सुमारे १०० मिलिलिटर, आणि तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याच्या, आसपास पडत असेल तर थांबायलाच हवं. इंजिन ऑइलची वाफ सव्वादोनशे अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते, तर जोरात चाललेल्या इंजिनाचा मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो.

काम झालं की पुन्हा पावडर मारून, दुपारच्या उन्हातच, पंप जोडून तासभर पाणी मारून बघावं. सकाळच्या गारव्यात दहा मिनिटं चालवून दिलेला निकाल धरू नये.