बॉर्डर कॅन्टोज

बॉर्डर कॅन्टोज : अमेरिका-मेक्सिको सीमा ओलांडणाऱ्यांच्या मागे पडलेल्या वस्तूंपासून घडवलेली वाद्यशिल्पे, त्यांवर वाजवलेले संगीत आणि सीमेची छायाचित्रे यांचा संयुक्त कलाप्रकल्प. छायाचित्रकार रिचर्ड मिझराख आणि मेक्सिको सिटीत जन्मलेले संगीतकार गिलेर्मो गालिंदो (जन्म १९६०) हे त्याचे कर्ते. ‘कॅन्टो’ म्हणजे दीर्घकाव्याचा सर्ग. कॅलिफोर्नियातील सॅन होजे कलासंग्रहालयात २०१६ मध्ये त्याचे मोठे प्रदर्शन भरले; त्याच वर्षी पुस्तकही निघाले.

मिझराख २००४ पासून या सुमारे ३,१०० किलोमीटर लांबीच्या सीमेची छायाचित्रे घेत होते. वाळवंटात त्यांना चपला, कंगवे, पाठपिशव्या, खेळणी, कपडे पडलेले दिसत. पाण्याचे कॅन बरेचदा काळे असत, कारण पांढरे प्लॅस्टिक उन्हात चमकते आणि गस्तीवाल्यांना लांबून दिसते. यांतल्या काही वस्तू ते गालिंदोंकडे पोहोचवू लागले.

गालिंदोंनी त्यांची वाद्ये केली. पण याला टाकाऊतून टिकाऊ म्हणणे चुकीचे ठरेल. मेसोअमेरिकेच्या, म्हणजे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील प्राचीन संस्कृतींच्या, जुन्या परंपरेत वाद्य आणि ते ज्या पदार्थाचे बनते तो पदार्थ वेगळे मानत नाहीत. नाद त्या वस्तूचाच असतो. गालिंदो हीच धारणा पुढे नेतात. त्यामुळे ते वस्तूला आधी ठरवलेला सूर काढायला लावत नाहीत, तिच्यात जो आवाज आहे तो शोधतात.

‘सापातेलो’ हे वाद्य लिओनार्दो दा विंचीच्या यांत्रिक हातोड्यावर बेतलेले आहे. दांडा फिरवला की बूट आणि हातमोजा ताणलेल्या कातड्यावर आदळतात. ‘शेल पिन्याता’मध्ये बंदुकीची रिकामी काडतुसे लटकवलेली आहेत, हलवले की ती खुळखुळतात. पिन्याता ही मेक्सिकोत सणासमारंभात टांगून काठीने फोडायची खाऊची हंडी, हे ठाऊक असले की नावातली बोच कळते. सीमाभिंतीचा एक चेपलेला पत्रा चौकटीला टांगून त्याची प्रचंड घंटा केली आहे. ‘अश्रूंचा झरा’ या शिल्पात पिंपातून गळणारे थेंब धातूच्या पत्र्यावर टपटपतात. वाळवंटात स्वयंसेवक तहानलेल्यांसाठी पाण्याची पिंपे ठेवतात आणि कोणीतरी त्यांना गोळ्या घालून भोके पाडते, त्यावरून हे सुचले. पाण्याच्या ठिकाणांवर फडकणाऱ्या निशाणांवर गालिंदोंनी आपली चित्रमय स्वरलिपीही छापली.

इतरांच्या हालअपेष्टांतून देखणी कलाकृती करावी का, हा प्रश्न अशा कामाला टाळता येत नाही. दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे. वाद्य हे वाजवण्यासाठी असते, संग्रहालयात मात्र त्याला हात लावता येत नाही. प्रेक्षकाला बहुधा ध्वनिमुद्रणावरच भागवावे लागते. गालिंदो ही वाद्ये स्वतः मंचावर वाजवतात तेव्हा परिणाम वेगळाच असतो. शिवाय वारसा म्हणून जपलेल्या या वस्तूंच्या मालकांची नावे नाहीत. हा बूट घालणारा पलीकडे पोहोचला, परत पाठवला गेला की वाटेतच राहिला, हे पाटीवर लिहिता येत नाही.

२०१७ मध्ये जर्मनीतील कासल येथे डॉक्युमेंटा १४ या प्रदर्शनात गालिंदोंनी हीच रीत युरोपच्या किनाऱ्यावर नेली. ग्रीसच्या लेस्बोस बेटावर फुटलेल्या निर्वासितांच्या होड्यांचे अवशेष त्यांनी छताला टांगले आणि त्यांवर तारा ताणल्या.