देवमाशाचे खूर

देवमासा हा मासा नाही, हे शाळेत पाठ करूनही आपण त्याला मासाच म्हणत राहतो. पण तारकर्लीला किंवा दापोलीला होडीतून डॉल्फिन पाहायला गेला असाल, तर आठवून बघा. पापलेट असो की शार्क, माशाचे शेपूट डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनचे आणि देवमाशाचे हलते वर-खाली. कुत्रा जिवाच्या आकांताने पळताना त्याची पाठ जशी कमानीसारखी वाकते आणि पुन्हा ताणली जाते, तशीच ही हालचाल. अंग पाण्यात, पण कणा पळणाऱ्या जनावराचा.

दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्यात उत्क्रांतीचे पुरावे एकाखाली एक येतात: शरीररचना, अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञान. प्रत्येकाला निराळा प्राणी. मुले यादी पाठ करतात, गुण मिळवतात. यात निसटते ते हे, की एकमेकांना कधीही न भेटलेले हे साक्षीदार एकाच प्राण्याबद्दल तीच हकिकत सांगतात. देवमाशाच्या बाबतीत ते चक्क तपासून पाहता आले.

डार्विनने १८५९ साली लिहिले होते, की तोंड वासून तासन्‌तास पोहत किडे टिपणाऱ्या अस्वलासारख्या प्राण्यापासून देवमाशासारखे काही घडू शकेल. त्याची इतकी थट्टा झाली, की पुढच्या आवृत्तीत त्याने तो मजकूर छाटून टाकला. अस्वल चुकलेच होते. पण जमिनीवरून पाण्यात, ही दिशा बरोबर होती.

मग पूर्वज कोण? जीवाश्म अभ्यासणारे बराच काळ दातांवरून म्हणत होते, की नामशेष झालेला एक मांसाहारी गट. १९९० च्या दशकात डीएनए तपासणाऱ्यांनी भलतेच सांगितले: देवमाशाचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक पाणघोडा. म्हणजे गाय, शेळी, डुक्कर या समखुरी जनावरांचे कूळ. वाद पेटला. समखुरी जनावरांची खूण असते मागच्या घोट्यात: तिथल्या एका हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. आजच्या देवमाशाला घोटाच नाही, तर बघणार काय? २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या, पाय शाबूत असलेल्या प्राचीन देवमाशांचे घोटे जाहीर झाले. दोन्ही टोकांना कप्पी! डीएनएवाले जिंकले, आणि तो निकाल दगडाने दिला.

यातला सर्वांत रंगतदार भाग आपल्या देशातला. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जीवाश्मांचे दगड जमवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. दगड फोडताना तंत्रज्ञाच्या हातून चुकून एका कवटीचे कानाचे हाड मोडले, आणि आत दिसली जाड भिंत, जी तोवर फक्त देवमाशांच्या कानात माहीत होती. हा ‘इंडोह्यूस’: सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, सडपातळ पायांचा समखुरी प्राणी. (धड्यातले कार्बनी वयमापन इथे कुचकामी; ते जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंत पोहोचते. इतके जुने वय खडकांच्या थरांवरून ठरते.) त्याहून जुने देवमासे सापडले आहेत, म्हणून हा त्यांचा आजोबा नव्हे, चुलत घराण्यातला.

इंडोह्यूसच्या पायांची हाडे पाणघोड्यासारखी घट्ट आणि जड होती, पाण्यात पाय रोवून चालायला सोयीची. दातांतली रसायने सांगतात, की त्याचा बराच वेळ पाण्यात जाई. मग हा पाण्यात शिरला कशाला? बहुधा जीव वाचवायला. आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणाचा एक आफ्रिकी भाऊबंद आजही गरुड दिसताच ओढ्यात उडी घेतो आणि पाण्याखाली दडून राहतो. अशा जगण्यात ज्याचे हाड थोडे जड, ज्याचा दम थोडा लांब, तो शिकाऱ्यापासून वाचण्याची आणि त्याला पिल्ले होण्याची शक्यता किंचित जास्त. कुणी ‘पोहायला शिकून’ पाय गमावले नाहीत. नैसर्गिक निवडीला हेतू नसतो, हे मुलांना समजावताना सर्वांत जास्त घाम इथेच गाळावा लागतो.

पुढे पाय आखूड होत गेले. इजिप्तच्या वाळवंटात सापडलेला प्राचीन देवमासा बॅसिलोसॉरस १५ मीटरच्या आसपास लांब, पण त्याचे मागचे पाय माणसाच्या हाताहून लहान, बोटेही होती. आजच्या देवमाशात कण्यापासून सुटलेली कमरेची दोन हाडे मांसात रुतलेली सापडतात. डॉल्फिनच्या गर्भात सुरुवातीला मागच्या पायांचे कोंब चक्क फुटतात, आणि काही आठवड्यांत विरून जातात.

कधीतरी विरत नाहीत. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या ताइजीच्या मच्छीमारांना एक डॉल्फिन मिळाला. नेहमीच्या दोन परांच्या मागे, शेपटाजवळ, त्याला तळहाताएवढे आणखी दोन पर होते.